दहा ऑगस्टच्या पत्रकांआधी: जीवनरक्षण गटांना आणि त्यांच्या धर्मगुरूंना खुले पत्र

विदर्भातल्या धर्मग्रामांतले जीवनरक्षण गट, त्यांना नेमणारे फादर आणि धर्मप्रांताची कुटुंब समिती यांस,

जय येशू.

आपल्या बैठकीत असं ठरलं आहे की, १० ऑगस्टच्या आधीच्या आठवड्यात दोघादोघांच्या जोड्या आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर आणि ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाशी उभ्या राहतील, अनोळखी बायांना थांबवून पत्रक देतील, आणि प्रत्येक जोडी निदान पन्नास जणींशी ‘जीवनाविषयी संवाद’ करून तो आकडा फादरांकडे लिहून देईल. १० ऑगस्ट १९७१ला गर्भपाताच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून आपण हा दिवस शोकाचा आणि प्रार्थनेचा मानतो. त्या प्रार्थनेत मीही असेन. या ठरावाला मात्र माझा विरोध आहे, आणि तो बंद दाराआड सांगून भागणार नाही, कारण ज्या बायांना तुम्ही थांबवणार आहात त्या दाराबाहेरच्या आहेत.

मी कॅथलिक आहे. आईच्या पोटात जीव धरला तेव्हापासून तो माणूस आहे असं मी मानते, आणि या पत्रातल्या एकाही ओळीत ते मागे घेत नाही. अनोळखी बायांशी या विषयावर बोलण्याचं काम मीही करते. फाटकाशी जे बोललं जाईल ते माझ्याही धर्माच्या नावानं बोललं जाईल, आणि त्यानंतर त्याच गावांत मलाही जायचं आहे.

पहिली तक्रार जागेची. ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकातून आत जाणारी बाई कशासाठी आली आहे, हे बाहेरून कळत नाही. कोणी तापाची, कोणी सिकलसेलच्या, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, गोळ्या न्यायला आलेली, कोणी लेकराला लस द्यायला. आणि एखादी अशीही असते, जिचं हवंहवंसं बाळ आपोआप गेलं आहे. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के आपोआप पडतात. आपल्या भाषेत आपोआप पडण्याला आणि पाडण्याला शब्द एकच, ‘गर्भपात’. तिच्या कागदावर डॉक्टरांनी ‘अपूर्ण गर्भपात’ लिहिलेलं असतं आणि ती क्युरेटिंगसाठी आत चाललेली असते. तिच्या हातात ‘बाळाचा जीव घेऊ नकोस’ असं छापलेला कागद पडला, तर ती जखम तुमच्या कोणत्या आकड्यात धरणार?

शिवाय फाटकाशी येईपर्यंत उशीर झालेला असतो. ऑगस्ट म्हणजे निंदण-डवरणीचे दिवस. बाई मजुरी बुडवून, भाडं जमवून, घरात काहीतरी कारण सांगून निघालेली असते. सोबत सासू, नवरा किंवा जाऊ असते. त्या दोन मिनिटांत ती मोकळं बोलूच शकत नाही. तुम्ही वाट अडवलीत तर ती मान खाली घालून निघून जाईल. पुढच्या वेळी सरकारी दवाखाना टाळून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्यांची किट मागवेल. त्यात तिचाही जीव जाऊ शकतो.

दुसरी तक्रार पत्रकाची. त्यातल्या काही गोष्टी खऱ्या नाहीत, आणि खोट्याच्या आधारानं जीव वाचवायला आपला धर्म सांगत नाही.

‘१२ आठवड्यांचं बाळ’ म्हणून जो फोटो छापला आहे तो महिने भरत आलेल्या बाळाचा आहे. १२ आठवड्यांचं बाळ डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत साडेपाच-सहा सेंटिमीटर असतं. त्याला बोटं असतात, त्याचं हृदय चालू असतं. एवढं सत्य पुरेसं असताना मोठा फोटो कशाला? आठवडे मोजण्यातही चूक आहे. दवाखान्यातले आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. सोनोग्राफीत सहा आठवडे म्हणजे गर्भ राहून साधारण चारच. हे कार्यकर्त्याला माहीत नसेल तर सोनोग्राफीचा कागद हाती असलेल्या बाईपुढे तो पहिल्याच वाक्यात खोटा ठरतो.

गर्भपातानं स्तनाचा कॅन्सर होतो, असं पत्रक म्हणतं. १६ देशांतल्या ५३ अभ्यासांचा एकत्र आढावा २००४मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असा संबंध दिसला नाही. गर्भपाताची पहिली गोळी घेतल्यावर दुसरं औषध घेऊन गर्भ वाचवता येतो, असंही लिहिलं आहे. हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत त्यावरची एक चाचणी २०१९मध्ये काही बायांना जोराचा रक्तस्राव झाल्यानं मध्येच थांबवावी लागली. धारणी किंवा भामरागडच्या आतल्या पाड्यावर, नाल्याला पूर असताना, असा सल्ला देणं म्हणजे काय, याचा विचार करा.

कायद्याबद्दलचं वाक्यही चुकीचं आहे. नवऱ्याची सही लागते, असं तुम्ही छापलंत. कायद्यानं सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते; पालकाची लागते ती १८ वर्षांखालच्या मुलीसाठी. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ आठवडे ठरावीक परिस्थितीतल्या बायांसाठी, दोन डॉक्टरांच्या मतानं. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. हा कायदा मला मान्य नाही. पण तो काय आहे हे बाईला चुकीचं सांगण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर. कार्यकर्ते सर्रास म्हणतात, ‘बाळ जन्मू दे, आमच्या सिस्टर घेतील.’ सिस्टरांना असं परस्पर बाळ घेता येत नाही. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सिस्टरांनी तर २०१५मध्येच भारतातलं दत्तक देण्याचं काम थांबवलं. बाल न्याय कायदा २०१५नुसार, पद्धत डावलून बाळ दत्तक देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खरी वाट अशी: आई जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे जाते, समिती तिचं समुपदेशन करते, मग समर्पणाचा लेख, म्हणजे बाळ सोपवल्याचा कागद, होतो. त्यानंतर विचार बदलायला तिला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत ती बाळ परत मागू शकते. मुदत संपली की समिती बाळ दत्तकासाठी मोकळं ठरवते आणि पुढचं काम मान्यताप्राप्त दत्तक संस्था करते. नाव गुप्त राहतं. मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरवर फोन केला तर पुढची वाट कळते. दोन महिन्यांची मुदत फार महत्त्वाची आहे. ‘दिलं की संपलं’ या भीतीनंच कित्येक बाया ही वाट नाकारतात, आणि आपल्या पत्रकात त्या मुदतीचा उल्लेखही नाही.

आता बोलायचं कसं, ते सविस्तर लिहिते, कारण ‘विरोध करता, मग पर्याय सांगा’ असं तुम्ही म्हणाल.

पुरुष नकोत. दोघी बायाच जाव्यात. मेळघाटात त्यातली एक कोरकू बोलणारी हवी, भामरागडकडे माडिया बोलणारी. मराठी पत्रक तिथे कामाचं नाही. फाटकाशी उभं राहू नये. ओपीडीच्या बाकावर, एसटीच्या शेडमध्ये, अंगणवाडीच्या ओट्यावर शेजारी बसावं, समोर उभं राहू नये. दुसरीनं जरा लांब, सोबत आलेल्या सासूशी किंवा नवऱ्याशी गप्पा कराव्यात, म्हणजे या बाईला श्वास घ्यायला जागा मिळते.

पहिला प्रश्न पोटाबद्दल कधीच नको. ‘कुठून आल्या व माय? परत जायले गाडी हाये काय?’ एवढंच. जिला बोलायचं असतं ती आपणहून बोलते, जिला नसतं तिला पाणी द्यावं आणि राहू द्यावं. ‘दिवस राह्यले’ असं तिच्या तोंडून आलं तर दोनच गोष्टी विचाराव्यात: शेवटची पाळी कधी आली, आणि हे कोणाकोणाला माहीत आहे. ‘काहून?’ हे विचारू नये. त्या प्रश्नानं बाई सफाई द्यायला लागते आणि खरं कारण मागे राहतं. दुसऱ्या उत्तरातून दबाव कुठून आहे ते आपोआप कळतं. ‘नवऱ्याले सांगतलं नाही’ आणि ‘सासूनंच आणलं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग गप्प बसावं. हे सगळ्यात अवघड. नंतर एकच प्रश्न: ‘भेव कायचं वाटते?’

भीती प्रत्येकीची वेगळी आणि तिचा उपायही वेगळा, म्हणूनच एक पत्रक सगळ्यांना चालत नाही.

अंगावर पिणारं लेकरू आणि पुन्हा दिवस, ही आपल्याकडे नेहमी ऐकू येणारी अडचण. तिच्या अंगात रक्त नसतं. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागत नाही, दवाखान्यात भरती करून लोहाचं इंजेक्शन किंवा रक्त द्यावं लागतं. अंगणवाडीचा घरपोच आहार, आदिवासी भागात अमृत आहार योजनेचं रोजचं एक वेळचं गरम जेवण, सरकारी दवाखान्यातली मोफत डिलेव्हरी, सिझर, औषधं, रक्त, साध्या डिलेव्हरीनंतर तीन आणि सिझरनंतर सात दिवसांचं जेवण, १०२ची गाडी नेण्या-आणण्यासाठी: हे सगळं तिच्या हक्काचं आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. आता त्यासाठी नवऱ्याचं आधार कार्ड सक्तीचं नाही, ही गोष्ट टाकलेल्या बाईला कोणी सांगत नाही. बँकेत खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात. तिथे तिच्यासोबत बँकेत जाणारी बाई लागते, आणि ते काम एका फेरीत होत नाही.

नवरा पिऊन मारतो, हे कारण असेल तर ‘बाळ ठेव’ म्हणून तिला त्याच घरी पाठवू नका. आधी बायांच्या मदतीचा १८१ नंबर, छळ झालेल्या बायांसाठीचं जिल्ह्याचं सखी केंद्र, संरक्षण अधिकारी. तिचा जीव सुरक्षित झाल्यावर बाळाचं बोलणं. मन फारच खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर मनाच्या आजारांसाठीचा १४४१६ नंबर. मुलगी १८च्या आतली असेल तर सल्ला थांबवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती मिळालेल्या कोणत्याही माणसावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते, तुमच्या कार्यकर्त्यावरसुद्धा. हे त्याला आधीच माहीत हवं.

‘तिसरी पोरगी नाही पाह्यजे’ हे घरचं बोलणं असेल, तर दोष त्या बाईच्या माथी मारू नका. गर्भलिंग निदानाच्या कायद्यातही असंच धरलं आहे की तपासणीसाठी तिला घरच्यांनीच भाग पाडलं. शिक्षा होते ती करवून घेणाऱ्यांना आणि करणाऱ्या डॉक्टरला. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे २००१मध्ये ९१३ मुली होत्या, २०११मध्ये ८९४. या विषयावर बोलायचं तर बाजारातल्या बाईशी नको, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकांवर बसणाऱ्या पुरुषांशी बोला. कुठे लिंग सांगितलं जातं हे कळलं तर लेखी तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या. आपल्या गटांनी अशी एक तरी तक्रार दिली आहे काय?

आणि सिकलसेल. पूर्व विदर्भात जीवनरक्षणाचं काम करायचं आणि पत्रकात सिकलसेलचा शब्दही नाही, हे मला समजत नाही. आई-वडील दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार बाळाला देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत चारात एक शक्यता बाळ आजारी असण्याची, दोन वाहक असण्याची, एक निरोगी असण्याची. ‘एक लेकरू आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असं गावात समजतात. तसं नाही, दरवेळी हिशोब नव्यानं सुरू होतो. साधी विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पुढच्या चाचणीनंच ठरतं. फक्त पहिल्या चाचणीवर घाबरून निर्णय घेणाऱ्या बाईला दुसऱ्या चाचणीपर्यंत नेणं, हे कदाचित सगळ्यात मोठं जीवनरक्षण आहे. आणि बाळ आजारी असल्याचं कळलं, तर तिला खरं सांगा: दुखण्याचे झटके येतील, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना लागेल, पाणी भरपूर पाजावं लागेल, फॉलिक अ‍ॅसिड रोज, लहानपणी पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस, डॉक्टर म्हणतील तेव्हा हायड्रॉक्सीयुरिया. कठीण आहे, पण आयुष्य आहे. २०१६च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, एसटीचा प्रवास मोफत आहे. ‘देव बघून घेईल’ म्हणून उठून जाऊ नका.

बोलणं संपताना तिचा नंबर मागू नये, वचन घेऊ नये, आपला नंबर द्यावा. आणि तिचं नाव कुठेही काढू नये, प्रार्थना गटात तर मुळीच नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘फलाण्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा’ एवढं पुरतं. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरनं नाव फोडलं तर कायद्यानं एक वर्षापर्यंत कैद आहे. आपण त्या डॉक्टरपेक्षा सैल वागणार काय? पन्नास नावांचा किंवा पन्नास बायांचा आकडा मागणं म्हणूनच बंद व्हायला हवं.

जिनं आपलं ऐकलं नाही तिच्याशीही बोलणं तुटू देऊ नये. सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप असेल, वास येत असेल, चक्कर येत असेल, पोटात एका बाजूला किंवा खांद्याच्या टोकाशी तीव्र दुखत असेल, तर तडक १०८ बोलवायची, हे तिला सांगून ठेवा. शेवटची दोन लक्षणं गर्भ नळीत राहिल्याचीही असू शकतात, आणि अशा वेळी चर्चेला एक मिनिटही नसतो. हे सांगणं म्हणजे गर्भपाताला मदत करणं, असा आक्षेप बैठकीत आल्याचं मी ऐकते. मरत असलेल्या आईला वाचवणं हे पाप कोणत्याही धर्मशिक्षणात नाही. ती कॅथलिक असेल तर आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. आपल्याकडच्या कित्येक बायांना अजून वाटतं की बिशपांपर्यंत जावं लागेल, म्हणून त्या वर्षानुवर्षं पापनिवेदनाला येतच नाहीत. फादर, हे एकदा वेदीवरून सांगा.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी रांगा लागतात, लहान लेकरं रडतात, दुपारची एसटी चुकते, सोनोग्राफीसाठी दुसऱ्या गावी पाठवतात आणि सोबत कोणी नसतं. तुमची पत्रकं १० तारखेसाठी. आदल्या दिवशी, त्याच आवारात, लेकरू धरायला आणि कागद वाचून दाखवायला आपला एकही माणूस नसतो. पवित्र मरिया डोंगराळ मुलुखात एलिझाबेथकडे लगबगीनं गेली आणि सुमारे तीन महिने तिथेच राहिली, असं आपण दर वर्षी वाचतो. आपल्याकडच्या डोंगराळ मुलुखात बाळंतपणाआधी राहायला काही आरोग्य केंद्रांत माहेरघरं आहेत. तिथे तीन महिने नको, तीन दिवस तरी सोबतीला राहणारी बाई हवी आहे.

म्हणून माझ्या मागण्या:

रुग्णालयाच्या फाटकाशी आणि एसटी स्टँडवर पत्रकं वाटण्याचा ठराव मागे घ्या. पन्नासचा आकडा रद्द करा. छापलेली पत्रकं वाटू नका. नवीन मजकूर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एका वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नका.

त्याऐवजी तळहाताएवढं एक कार्ड काढा. त्यावर १०२, १०८, १०९८, १८१, १४४१६ आणि आपल्या धर्मग्रामातल्या दोन बायांचे नंबर, त्यांच्या परवानगीनं. दुसरं काही नको.

अनोळखी बायांशी बोलणाऱ्या प्रत्येकीला निदान दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या: एक दिवस ऐकण्याचा, एक दिवस कायदा, योजना आणि धोक्याची लक्षणं. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना शिकवायला बोलवा. त्यांना या कामातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

विवाहपूर्व मार्गदर्शनात सिकलसेलची तपासणी सांगा, आणि ती साखरपुड्याच्या आधी व्हावी असं बघा. लग्नाची तारीख ठरल्यावर रिपोर्ट आला की मुलीवरच खापर फुटतं.

प्रत्येक धर्मग्रामातून दर महिन्याच्या ९ तारखेला दोघी जणी जवळच्या आरोग्य केंद्रात जातील अशी पाळी लावा. त्यांचं एसटी भाडं आणि बुडालेली मजुरी धर्मग्रामाच्या पैशातून द्या. या बायाही निंदणालाच जातात. त्यांची सेवा फुकट धरू नका.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मिस्सानंतर या मागण्यांवर सभा घ्या आणि उत्तर लेखी द्या, चर्चच्या फळ्यावर लावा. पत्रकांचे गठ्ठे तोवर उघडू नका.

आपली,
मेळघाटच्या पायथ्याच्या एका धर्मग्रामातली कॅथलिक बाई